वीस मिलीचा पाहुणचार

आमच्या जळगावकडे पाहुण्याला काही थोडंसं वाढलं तर तो त्याचा अपमानच समजला जातो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वर तेलाची धार, कळण्याच्या पुऱ्या, आणि समोरचा पोटावर हात ठेवून नको नको म्हणतोय तरी वाढणारा "घ्या हो, लाजता काय" करत वाढतच असतो. अशा माणसांत शार्त्रूझ या फ्रेंच दारूची बाटली उघडायची म्हणजे मोठी पंचाईत, कारण ही काय आग्रह करकरून पाजायची वस्तूच नाही.

फ्रान्समधे ग्रेनोबलजवळच्या डोंगरात कार्थुसियन पंथाचे साधू आहेत, फारसं न बोलता राहणारे, त्यांचं हे हिरवं मद्य. 1605 साली त्यांच्याकडे कृतीचं एक हस्तलिखित आलं, त्यावरून पुढे पिढ्यानपिढ्या खटपट करत 1764 मधे ही हिरवी शार्त्रूझ तयार झाली. त्यात 130 वनस्पती, आणि अख्खी कृती एका वेळी दोन-तीन साधूंनाच माहीत असते. जोर म्हणाल तर 55 टक्के, म्हणजे आपल्या नेहमीच्या व्हिस्कीच्या बरीच पुढे. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की जगभर मागणी वाढली तेव्हा या लोकांनी सरळ सांगून टाकलं, आम्ही उत्पादन वाढवणार नाही, प्रार्थनेला वेळ पाहिजे. आमच्या मार्केटात एखाद्या दुकानदाराने असं म्हणून दाखवावं!

झाकण उघडलं की पुदिना, बडीशेप, ओलं गवत, आणि मागून काहीतरी थेट वैद्याच्या दुकानातलं. आजीने लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, औषध आहे ना, मग ठेव. आता बाटली या शब्दाला जिचा विरोध ती आजी रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव पाणी घालून घेते. आसवात धायटीची फुलं घालून आंबवतात आणि दारू आपोआप आतच तयार होते, लेबलवर लिहिलेलंही असतं, पण हे तिला कोण सांगणार, मी तर नाही.

कॉकटेल मी एकच करतो, लास्ट वर्ड. डेट्रॉइट अ‍ॅथलेटिक क्लबच्या 1916 च्या मेनूत ते होतं, मग लोक विसरून गेले, आणि या शतकात सिअ‍ॅटलच्या मरे स्टेन्सन नावाच्या बारटेंडरने परत वर काढलं. लक्षात ठेवायला एकदम सोपं, जिन, हिरवी शार्त्रूझ, मराशिनो म्हणजे चेरीचं लिकर, आणि लिंबाचा रस, चारही सारखे. वीस-वीस मिली. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण, दहाच्या रेघेपर्यंत दोनदा. लिंबू आपलं कागदीच, आणि ऐनवेळी पिळायचं, सकाळी काढून ठेवलेला रस कडवट लागतो. शेकर नाही म्हणून अडत नाही, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यायचा, बर्फ भरायचा, आणि डब्याला बाहेरून दव धरून बोटं बधिर व्हायला लागेपर्यंत जोरात हलवायचं, मग चहाच्या गाळणीतून गाळून द्यायचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा बर्फ मोठे तुकडेच हवेत, बारीक बर्फाचं डब्यातच पाणी होतं आणि सगळं पांचट.

दिसतं मस्त, फिकट पोपटी. आणि ग्लासात असतं एवढंसं.

इथे दाजी येतात. दाजी म्हणजे जावई माणूस, त्यांना कमी पडलेलं आमच्या घरात चालत नाही. गच्चीवर ग्लास उजेडात धरून म्हणाले, "काय शालकबुवा, होमिओपॅथी चालू केली का?" मी म्हटलं एक घोट घ्या आणि थांबा. थांबणं हा प्रकार दाजींच्या स्वभावात नाही, पण तो घोट आधी आंबट, मग गोड, मग जिभेवर कुठल्या कुठल्या पाल्याची चव येत राहते, त्यामुळे माणूस आपोआप गप्प होतो. दाजी चक्क मिनिटभर गप्प होते, ताईने मुद्दाम वळून पाहिलं.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला आहे. ग्लास लहानच द्यायचा, आणि जो काही आग्रह आहे तो सगळा खाण्यावर काढायचा, काकडी घ्या, खारे शेंगदाणे घ्या, अहो पनीर तसंच राहिलंय. तिखट शेव मात्र समोर आणायची नाही, आपल्या शेवेपुढे त्या 130 वनस्पतींपैकी एकीचीही चव कळत नाही. दाजींनी शेव मागितलीच तर नाही म्हणता येत नाही, पण मग त्यांना पुढचा ग्लास जिन, लिंबू आणि सोड्याचा, चांगला काठोकाठ. ते खूश, आणि माझी बाटलीही शाबूत.