वागळे इस्टेटमधली दोन वर्षे

दहावीनंतर माझ्या लेकीने ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपण सगळे ज्याला आयटीआय म्हणतो तिथे, फिटर ट्रेडला, म्हणजे धातूचे सुटे भाग घडवून जुळवण्याच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला, तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी "मार्क कमी पडले का?" असे विचारले. तिला ७४ टक्के गुण होते आणि हा ट्रेड तिने स्वतः निवडला होता, पण हे त्यांना पटवून देणे मला त्या दिवशी जमले नाही. ते आज लिहून काढते.

पहिले कित्येक आठवडे तिच्या हाती यंत्र आलेच नाही. आली ती कानस, म्हणजे धातू घासण्याची दातेरी पट्टी. माइल्ड स्टीलचा ठोकळा व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, घट्ट आवळायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची, एवढेच काम. ऐकायला सोपे वाटते, पण कानशीचे दात फक्त पुढे जाताना कापतात, त्यामुळे परत येताना दाब सोडावा लागतो, आणि नवख्याचे हात वरखाली झुलले की ठोकळा मध्ये फुगीर आणि कडांना उतरता होतो. ती जॉब, म्हणजे घासलेला ठोकळा, घेऊन शिल्पनिदेशकांकडे, म्हणजे कार्यशाळेतल्या शिक्षकांकडे, जायची. ते त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याची पट्टी, टेकवून तो खिडकीच्या उजेडाकडे धरायचे आणि मधल्या फटीतून येणारी प्रकाशाची बारीक रेघ तिलाच पाहायला लावायचे. बाकी काही बोलत नसत. तळहाताला फोड आले, कानशीच्या दातांत कीस अडकू नये म्हणून खडू चोळण्याची सवय लागली, आणि एका संध्याकाळी तिने घरी येऊन जेवायच्या आधी सांगितले, "आई, आज उजेड दिसला नाही." व्हर्नियर या मोजमापाच्या साधनावर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप वाचणे त्यानंतर आले. इतकी नेमकी, क्षणात बरोबर-चूक दाखवणारी परीक्षा तिच्या दहा वर्षांच्या शाळेत मी पाहिली नव्हती.

ज्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली हे शिक्षण चालते, ती १९५० साली सुरू झाली. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर आणि कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) एका वर्षाचे. कार्यशाळेबरोबर ट्रेड थिअरी, गणित-विज्ञान आणि ड्रॉइंगही असते, आणि शेवटी देशभर एकच अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. शासकीय संस्थेतले शुल्क आमच्यासारख्या घराला सहज पेलणारे होते.

तिच्या तुकडीत कळव्याची, दिव्याची, बदलापूरची मुले होती. पहाटेची गर्दीची लोकल पकडून ठाण्याला उतरायचे आणि सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उन्नत बसथांब्यावरून, वागळे इस्टेटची बस धरायची, हा त्यांचा रोजचा क्रम. वयेही सारखी नव्हती. कुणी दहावी होऊन आलेला, तर कुणी पाच-सहा वर्षे पार्सले पोचवून, आता हातात कसब हवे म्हणून परत वर्गात बसलेला. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, तरी तिच्यासह मुली चारच. खंडेनवमीला सगळ्यांनी मिळून लेथ, ड्रिल मशीन पुसून लख्ख केली, झेंडूच्या माळा घातल्या, आणि त्या चौघींनी आपापल्या कानशींना हळदकुंकू लावले.

मला खरी खंत आहे ती माहिती न मिळण्याची. लेकीच्या शाळेत दहावीच्या पालकांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला, त्यात विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यावर दोन तास बोलणे झाले आणि आयटीआयचा शब्दही निघाला नाही. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि पदविकेनंतर पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला, हे मला प्रवेशानंतर कळले. अमेरिकेत शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज उभे राहिले, ते याच विचारावर: गावातच दोन वर्षे शिका आणि मग विद्यापीठात पुढे जा. आपल्याकडे वाट तशीच खुली आहे, फक्त ती कुणी दाखवत नाही.

"कारखाने राहिलेत कुठे?" हा दुसरा आक्षेप. तो निराधार नाही. माझे सासरे वागळे इस्टेटमध्ये ज्या शेडमध्ये टर्नर होते, तिथे आज काचेची इमारत आहे. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरे उभी राहिली आहेत, आणि ती दिवसरात्र थंड आणि चालू ठेवायला इलेक्ट्रिशियन आणि वातानुकूलन तंत्रज्ञ लागतातच. रेल्वेचे कारखाने आणि नौदलाची गोदी शिकाऊ उमेदवार घेतात ते मुख्यतः आयटीआय झालेले. लेक सध्या रबाळ्याच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करते आहे. ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या लोकलने जाते, स्वतःच्या विद्यावेतनातून पास काढते, आणि पुढच्या वर्षी पदविकेला अर्ज करायचा की नाही हे अजून ठरवते आहे.

दहावीच्या निकालानंतर प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात आणि संस्था व ट्रेड यांचे विकल्प पसंतीक्रमाने द्यावे लागतात. ते घरी बसून नावांवरून भरू नयेत. आधी मुलाला किंवा मुलीला घेऊन, कामाच्या दिवशी, परवानगी काढून कार्यशाळेत जावे, फिटरच्या बाकापाशी थोडा वेळ उभे राहावे, आणि शक्य झाल्यास निदेशकांना विचारून मुलाच्या किंवा मुलीच्या हातात एकदा कानस द्यावी.