चिमट्याचं बुश

अण्णांची गाडी वळणावर मागून झोल द्यायला लागली होती. मेन स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून पाहिलं. चाकाचं बेअरिंग ठणठणीत होतं, ढिलेपणा सगळा चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी लोखंडी दांड्याच्या, बुशमध्ये. भोसरीच्या कारखान्यांच्या भागात आम्हाला गुरुवारची सुट्टी, म्हणून काम घरीच अंगणात काढलं.

हे बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक, आणि मधे दोन्हींना चिकटलेलं रबर. डावीकडचं रबर फाटलं होतं, आतली नळी हातानेच निघाली. उजवीकडे ४ मिमीच्या ड्रिलने रबरात गोलाकार ओळीने भोकं पाडत गेलो, तेव्हा ती सुटली. राहिल्या बाहेरच्या नळ्या, गंजून चिमट्याशी एकजीव झालेल्या. नळीची कड जेमतेम दीड मिमीची. ठोकायचा पंच घसरला की ओरखडा थेट चिमट्याच्या घराला (बुश बसतं त्या भोकाला), म्हणून हातोडा लांबच ठेवला. हॅक्सॉ ब्लेडला अर्ध्यापर्यंत फडकं गुंडाळलं आणि नळीला आतून उभा काप घेत गेलो. कापाच्या तळाशी गंजाची तपकिरी रेघ दिसली की थांबायचं, तिच्यापुढे चिमटा सुरू होतो. एकेका नळीला अर्धा-पाऊण तास लागला. मग छिन्नीने कड आत दुमडली, 'टक्' असा आवाज आला आणि नळी सैल झाली. फार बरं वाटलं!

माप घ्यायला व्हर्नियर लावलं: घर २९.९६, नवं बुश ३०.०४. म्हणजे ०.०८ मिमी घट्ट. बुशं आईने रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवली होती. तेवढ्या गारठ्याने ३० मिमीचं लोखंड जेमतेम १७ मायक्रॉन (०.०१७ मिमी) आकसतं, पण सुरुवात सोपी होते.

आत ओढायला १० मिमीचा थ्रेडेड रॉड, दोन जाड पट्ट्या, नट आणि नळकामातून उरलेला एक इंची जीआय पाइपचा तुकडा. हा पाइप बुशच्या बाहेरच्या नळीवरच टेकतो. जोर आतल्या नळीवर गेला तर नवंकोरं रबर तिथेच फाटायचं.

नट आवळत गेलो आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला पाना जड झाला. खाली वाकून पाहिलं तर बुश तिरकं! आणखी जोर लावला असता तर घराची कड सोलली असती. नट सोडला, लाकडी ठोकळ्याने आतून हळूहळू ठोकून बुश परत बाहेर काढलं. चूक माझीच होती. पाइपचा तुकडा कापला तसाच वापरला होता. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला तर टोक चांगलं मिलिमीटरभर तिरपं. फिटरचं काम करणाऱ्याने हे आधी बघायला हवं होतं. कानस घेतली, चारी बाजूंनी गुण्याखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासलं. बुश पुन्हा फ्रीजरमध्ये. त्यानंतर दोन्ही बुशं सरळ बसली, कडेला कड लावून.

चाक चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. चिमट्याच्या शाफ्टचा नट अजून हातानेच लावलेला होता. अण्णा म्हणाले, "आवळून टाक की आता."

"थांबा अण्णा. गाडी स्टँडवरून काढा आणि वर बसा."

स्टँडवर चिमटा खाली लोंबतो. तसाच नट आवळला तर माणूस बसल्यावर रबराला कायमचा पीळ पडतो. अण्णा बसले, शॉकअप दबले, तेव्हा मी शेवटचा पाना फिरवला. तसेच बसल्या बसल्या त्यांनी किक मारली आणि गल्लीच्या वळणाकडे निघाले.