तुम्ही विचारलंत म्हणून : सत्तरीच्या उंबरठ्यावर क्योतोचा गिओन सण झेपेल का?

"जुलैत जपानला जातोय. दोघांची सत्तरी जवळ आलीय, गुडघे कुरकुरतात. क्योतोचा गिओन सण झेपेल का? आणि झेपला तरी त्यातलं आम्हाला कळणार काय?" हे असं बरेच जण विचारतात. दोन्हींचं उत्तर एकच आहे. १७ जुलैच्या मिरवणुकीचा हट्ट सोडा, २० जुलैला दुपारच्या आत क्योतोत पोहोचा.

या सणाच्या मिरवणुका दोन. १७ तारखेच्या 'साकी मात्सुरी'त २३ रथ, २४ तारखेच्या 'आतो मात्सुरी'त ११. १९६६पासून दोन्ही एकाच दिवशी निघत होत्या, २०१४ साली पुन्हा वेगळ्या झाल्या. सहल कंपन्यांना बहुधा १७ तारीखच ठाऊक असते, म्हणून सगळी गर्दी तिथेच. १५ आणि १६च्या रात्री शिजो रस्ता वाहनांना बंद होतो, खाण्याचे ठेले लागतात, अरुंद गल्ल्या एकमार्गी होतात. जोडीदार चार पावलं मागे राहिला तर वळून येताच येत नाही. २१ ते २३च्या संध्याकाळी ठेले नसतात. तेच कंदील, तीच झांज-बासरी-ढोल, पण रथासमोर निवांत उभं राहता येतं.

आता २०च तारीख का, ते. रथ वर्षभर सुटे करून ठेवलेले असतात आणि सणाआधी काही दिवसांत गल्लीतच, रस्त्याच्या मधोमध उभे केले जातात. सांगाड्याला खिळा नाही. लाकडं भाताच्या काडाच्या दोरांनी आवळतात, आणि ती बांधणीच एक कला आहे, प्रत्येक जोडाला वेगळी नक्षी उमटते. दोर कशाला? रथ रस्त्यावर हलतो तेव्हा सांगाड्याने थोडं लवायला हवं. खिळ्यांनी जखडलेला सांगाडा झटक्यांनी फुटेल. पुढे यावर भरजरी पडदे चढले की हे काहीच दिसत नाही. २० तारखेला दुपारी तीनच्या सुमारास शिनमाची आणि सांजो परिसरातले मोठे रथ चाचणीसाठी थोडे ओढतात. तेव्हा दोर कुणीही धरावा, बायकांनीही, परदेशी पाहुण्यांनीही. दोर मध्यावर धरा. रथाजवळ ढकलाढकल जास्त असते.

कळण्याचं म्हणाल, तर सुरुवात नावापासून करा. 'गिओन' म्हणजे श्रावस्तीचं जेतवन, त्या विहाराच्या जपानी नावाचं हे लहान रूप. जेतवनाचा रक्षक मानलेल्या गोझु तेन्नो या देवाची पूजा इथे रुजली. ८६९ साली साथ पसरली तेव्हा ती शमावी म्हणून तेव्हाच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारले, त्यातून हा सण आला. उंच रथांच्या शेंड्यावरचा दांडा म्हणजे तोच भाला. साथीचं भूत त्याच्याकडे ओढलं जातं, अशी समजूत.

रथ गल्लीच्या मालकीचे आहेत. प्रत्येक गल्लीचं एक घर असतं, 'काइशो'. आपल्या मंडळाच्या कार्यालयासारखं समजा. पाहण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच. मिरवणुकीत बऱ्याच रथांवर नव्याने विणलेल्या प्रतिकृती असतात, जुनी वस्त्रं संध्याकाळी काइशोत हातभर अंतरावर मांडतात. 'कोइ-यामा' या रथाचा पडदा सोळाव्या शतकात ब्रुसेल्सला विणलेला. त्यावर ट्रॉयचा राजा प्रायम आणि त्याची राणी आहे, आणि तो कापून रथाच्या बाजूंना बसवलाय. ट्रॉयची कथा विणणाऱ्यांना हे रुचलं नसतं, पण क्योतोच्या कापड व्यापाऱ्यांना कथेपेक्षा वीण महत्त्वाची होती. साकी मात्सुरीतल्या 'त्सुकी-बोको'च्या पुढच्या बाजूला सतराव्या शतकातला हिंदुस्थानी गालिचा असे, आता त्याची प्रतिकृती लावतात. या रथाच्या छपराखालची, सोनेरी पार्श्वभूमीवरची फुलं चित्रकार मारुयामा ओक्योने १७८४ साली रंगवली. ती पाहायची असतील तर मात्र १६च्या आधीच यावं लागेल.

काइशोच्या माडीवरून काही रथांवर चढता येतं. जिना उभा आणि अरुंद असतो, बूट काढावे लागतात. बंदवाले बूट नकोत, मोजे हवेत. गुडघा दुखत असेल तर खालूनच पाहा, वर दाटीमुळे फारसं दिसतही नाही. काही रथांवर बायकांना अजून प्रवेश नाही. तिथे वाद घालत बसू नका, शेजारच्या गल्लीत जा. काइशोत 'चिमाकी' विकत मिळते. त्याच नावाची एक मिठाईही असल्यामुळे पुष्कळ जण ती सोलून बघतात. आत खायचं काही नसतं. ती बांबूच्या पानांची जुडी वर्षभर दारावर टांगायची.

मिरवणूक पाहायचीच असेल तर २४ला सकाळी साडेनऊला कारासुमा-ओइकेहून निघते. खरी गंमत कोपऱ्यावर असते. चाकं वळत नाहीत, म्हणून पुढच्या चाकांखाली फाडलेला बांबू अंथरून पाणी ओततात आणि रथ बाजूने ओढून सरकवतात. काटकोनात वळायला साधारण तीन हिसके लागतात. जळगावच्या रथाला मोगरी (चाकाखालची लाकडी पाचर) लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना इथे काय पणाला लागलंय ते लगेच कळेल. ओइके रस्त्यावर पैसे भरून खुर्ची मिळते, पण सावली नाही, आणि मागच्यांना दिसावं म्हणून छत्री उघडू देत नाहीत. रुंद कडांची टोपी घाला, ओला पंचा मानेवर ठेवा, मीठ-साखरेची पुडी जवळ असू द्या. पारा ३५च्या पुढे जातो आणि हवा मुंबईसारखी दमट असते. पाऊस असला तरी मिरवणूक निघते, पण वस्त्रांवर प्लास्टिक चढतं. पावसाळा बहुधा २०च्या आसपास सरतो, आतो मात्सुरीचा हाही एक फायदा.

बसच्या भानगडीत पडू नका, सणात मार्ग बदलतात. क्योतो स्टेशनहून कारासुमा मेट्रोने शिजो दुसरं स्टेशन, कारासुमा-ओइके तिसरं. लिफ्ट कुठल्या दाराला आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. स्वच्छतागृहासाठी शिजोवरचं दाइमारू दुकान सोयीचं. छोटी दुकानं गर्दीच्या रात्री नकार देतात. शाकाहारी असाल तर सूप आणि सॉसमध्ये सुकवलेल्या माशाचा अर्क गृहीतच धरा. बौद्ध मठांतलं 'शोजिन र्योरी' जेवण आधी ठरवून ठेवा.

मिरवणुकीनंतर जेवून, झोप काढून, "संध्याकाळी रथ नीट बघू" असा बेत करू नका. गोळा केलेली साथीची भुतं गल्लीत राहू नयेत म्हणून रथ परतताच सोडायला घेतात. दुपारी गल्लीत गेलात तर दोरांचे ढीग आणि सुटी लाकडं दिसतील.