लेझरचे पैसे किती महिन्यांत निघाले? तुम्ही विचारलंत म्हणून

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. ज्यांच्या मनात लेझर कटिंग घ्यायचं घोळत असतं ते गुरुवारीच फोन करतात, आणि प्रश्न एकच: ‘पैसे किती महिन्यांत निघाले?’ मी आकडा सांगत नाही याचा काहींना राग येतो. लपवायचं काहीच नाही. फोनवर तुटक बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

तुमच्या वहीत आज जो हिशेब आहे तोच माझ्याही वहीत होता. ३ किलोवॅटची फायबर मशीन, १ मिलिमीटर पत्रा मिनिटाला २५ ते ३० मीटर, १० मिलिमीटर प्लेट मिनिटाला मीटरभर, गुणिले दर, गुणिले सोळा तास, वजा हप्ता. वेग खोटा नाही. पण तो सरळ, लांब रेषेचा वेग आहे. हातभर ब्रॅकेटला आठ भोकं असली की हेड वेग घेतं न घेतं तोच थांबतं. त्यात प्रत्येक भोकाला पियर्सिंग म्हणजे आधी बीमने पत्रा आरपार टोचणं, मध्येच नोझल बदलणं, पत्रा चढवणं, कापलेले नग वेचणं. शटल टेबल, म्हणजे एकावर कटिंग चालू असताना दुसऱ्यावर पत्रा चढवता येतो अशी टेबलांची जोडी, असूनही आमच्याकडे बीम प्रत्यक्ष चालू असण्याचा वेळ शिफ्टच्या निम्म्यापलीकडे क्वचितच गेला.

‘मग ६ किलोवॅटची घ्यायची होती’ असंही ऐकवतात. इथे मात्र मी मागे हटत नाही. आमचं बहुतेक काम ६ मिलिमीटरच्या आतलं आहे, आणि छोट्या नगांत जास्त पॉवरचा वेग वापरताच येत नाही. ३ किलोवॅटचा सोर्स, म्हणजे बीम तयार करणारा डबा, एकटाच साधारण १० किलोवॅट वीज खातो. चिलर, एक्झॉस्ट, सर्वो आणि कॉम्प्रेसर वेगळे. मंजूर लोड वाढवून घेतल्याशिवाय मशीनची ऑर्डर देऊ नका. १६ मिलिमीटरच्या पुढची प्लेट आजही आम्ही बाहेर प्लाझ्मा कटिंगला पाठवतो. ती ३ किलोवॅटवर कापता येत नाही असं नाही, पण प्लेटवर खपली किंवा गंज असला की ऑक्सिजनचा कट मध्येच फुटतो, आणि एवढ्या महागड्या नगावर तो जुगार मला परवडत नाही.

आता गॅस, म्हणजे वितळलेलं लोखंड कटमधून उडवायला बीमबरोबर नोझलमधून सोडतात तो. हिशेबात सगळ्यात कमी लिहिलेली ओळ हीच असते. २ मिलिमीटरच्या नोझलमधून १६ बारने नायट्रोजन सोडला तर तासाला ४० घनमीटरच्या आसपास जातो. साध्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर. म्हणजे दहा मिनिटांत सिलिंडर रिकामा. उलट ३ मिलिमीटर एमएसला, म्हणजे साध्या लोखंडी पत्र्याला, ऑक्सिजनवर १.२ चं डबल नोझल आणि बारभर दाब पुरतो. तोच ७ घनमीटरचा सिलिंडर चार-पाच तास चालतो. ऑक्सिजनवर वेग निम्म्यावर येतो, पण हा फरक पाहिल्यावर कोणाचाही हात ऑक्सिजनच्याच व्हॉल्व्हकडे जाईल. माझाही गेला, आणि मला खरं सांगायचं आहे ते इथलंच.

एका पार्टीचे, म्हणजे गिऱ्हाइकाचे, ३ मिलिमीटरचे ६०० ब्रॅकेट होते, वर पावडर कोटिंग. प्रत्येक नगाची बाहेरची कड आणि भोकांच्या कडा मिळून साधारण ७०० मिलिमीटर कट. सगळं ऑक्सिजनवर कापलं. कट सुंदर आला, खाली बर म्हणजे लोंबणारी धारदार कोर नाही, भोकं मापात. कोटिंगहून माल आला तोही दिसायला निर्दोष होता. पार्टीकडे असेंब्लीत बोल्ट आवळले आणि भोकाभोवतीचा रंग पापुद्र्यासारखा उठला. बाहेरच्या कडेला नख लावलं की अख्खी पट्टी निघायची. पूर्ण लॉट परत.

मी कोटरला फोन करून वाट्टेल ते बोललो. सेव्हन टँकमधली, म्हणजे रंगाआधी माल धुवायच्या सात टाक्यांतली, केमिकलं मेली असतील, ओव्हन तापला नसेल, माल घाईत काढला असेल. तो शांतपणे एवढंच म्हणाला, ‘निघालेल्या रंगाची मागची बाजू बघा.’ बघितली. पापुद्र्याच्या पाठीला काळसर, चकचकीत थर चिकटलेला होता, आणि खालचं लोखंड स्वच्छ, करडं. रंगाने आपली पकड सोडलीच नव्हती. रंगाखालची ऑक्साइडची खपली लोखंडावरून सुटली होती.

तरी मी मानलं नाही. एकाच पत्र्यातून तीन पट्ट्या काढल्या: एक शिअरिंगवर म्हणजे पात्याने कापून, एक नायट्रोजनवर, एक ऑक्सिजनवर. तिन्ही एकाच हँगरला, त्याच टाक्यांतून, त्याच ओव्हनमध्ये. थंड झाल्यावर कडेला आडव्या-उभ्या रेघा मारल्या, चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. शिअरिंगची आणि नायट्रोजनची कड जशीच्या तशी राहिली. ऑक्सिजनची कड पट्टीबरोबर उठून आली.

कारण साधं आहे. ऑक्सिजनवर कापताना लोखंड नुसतं वितळत नाही, जळतं, आणि कडेवर ऑक्साइडचा थर बसतो. डिग्रीझिंगने तो जात नाही, कारण तो तेल नाही. डिरस्टिंगच्या ॲसिडमध्ये नेहमीचा वेळ बुडवून तो पुरता सुटत नाही, आणि जास्त वेळ ठेवलं तर बाकीचा पत्रा खाल्ला जातो. रंगाला पकड देणारं फॉस्फेट लोखंडावर धरतं, या थरावर नाही. वर रंग मात्र छान बसतो, म्हणून डोळ्यांना काहीच कळत नाही. कळतं ते पार्टीच्या असेंब्लीत.

दुरुस्ती अशी झाली: रंग उतरवा, बाहेरच्या कडा फ्लॅप डिस्कने मारा, भोकांच्या आतल्या कडा डाय ग्राइंडरने आणि गोल कानशीने हाताने घासा, पुन्हा कोटिंग, पुन्हा टेप टेस्ट. ६०० गुणिले ७०० म्हणजे ४२० मीटर कड. ३ मिलिमीटरला नायट्रोजनवर मिनिटाला सात मीटर धरले तर हाच लॉट तासाभराच्या कटिंगचा होता, म्हणजे सहा सिलिंडर. त्या सहा सिलिंडरांसाठी तीन माणसं आठवडाभर कडा घासत बसली, आणि त्या दिवसांत बेंडिंगपुढे माल साचत गेला. त्या पार्टीचं पुढचं ड्रॉइंग यायला किती दिवस गेले हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सगळं नायट्रोजनवर कापा. तितकं सोपं नाही. वेल्डिंग करून लाल प्रायमर मारायच्या फ्रेमला नायट्रोजन जाळणं मला आजही पटत नाही. ड्युरा, म्हणजे द्रव नायट्रोजनचा मोठा सिलिंडर, घेतला तर त्यातला गॅस सुट्टीच्या दिवशीही उडत राहतो, पूर्ण आठवडा काम नसेल तर दहा-पंधरा टक्के गॅस हवेत. हवेवर कापण्याचा मार्ग आहे: १६ बारचा स्क्रू कॉम्प्रेसर, ड्रायर, बारीक फिल्टर. पण हवेतही २१ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे कड थोडी काळवंडते. शिवाय फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तेलाची वाफ प्रोटेक्शन ग्लासवर, म्हणजे हेडमधली लेन्स वाचवणाऱ्या काचेवर, बसते, बीमने काच तिथेच तापते आणि तडकते. काच बदलताना पंखा बंद, हात स्वच्छ, हेडच्या तोंडावर लगेच टेप, हा नियम आमच्याकडे कोणासाठी मोडत नाही. त्या उघड्या मिनिटात आत गेलेला धुळीचा कण पुढची लेन्स घेऊन जातो.

पावसाळ्याचं एक लक्षात ठेवा. जुलैत हवा इतकी दमट असते की चिलरचं पाणी २२ डिग्रीला ठेवलं तर सोर्सच्या आत दव धरू शकतं. कंपनीने दिलेल्या मर्यादेत तापमान वर घ्या, सोर्सच्या कॅबिनेटचा एसी चिलरच्या अर्धा तास आधी सुरू करा. अर्थिंगचा खड्डा वेगळा. तो नीट नसेल तर हेडचा हाइट सेन्सर भलतंच अंतर वाचतो आणि नोझल पत्र्यावर आपटतं.

मग पैसे आले कुठून? कटिंगच्या मीटरमधून फार थोडे. ते आले वेल्डिंगच्या टेबलावर. एका भागाच्या ३ मिलिमीटरच्या टॅबला (बाहेर काढलेल्या जिभेला) दुसऱ्यात ३.२ चा स्लॉट (खाच) दिला की फ्रेम हाताने अडकते, गुण्या आणि क्लॅम्प लावून टॅक मारत बसायचं काम संपतं. १० मिलिमीटर प्लेटमध्ये ८ चं भोक कापायचं नाही, ते खाली निमुळतं होतं. लेझरने नुसता सेंटर मार्क टाकायचा आणि ड्रिल मारायचं. जुन्या वहीत मी यातलं काहीच धरलं नव्हतं. आणि बेंडिंगची ओळच नव्हती. २ मिलिमीटर पत्र्याचा फ्लॅट, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट आकार, १६ च्या व्ही डायचा (वाकवायच्या खाचेच्या साच्याचा) हिशेब धरून काढलेला असताना ऑपरेटरने १२ ची डाय लावली, की प्रत्येक बेंडला पाव मिलिमीटर सरकतं. चार बेंडच्या बॉक्सला एक मिलिमीटर, आणि लेझरने दिलेली सगळी अचूकता तिथे संपते. आधी चांगली प्रेस ब्रेक, म्हणजे बेंडिंगची मशीन, घेऊन कटिंग जॉबवर्कला द्यायला हवं होतं का? काही महिने वाटतं, हो. मग पार्टीला रात्री आठला बदललेलं ड्रॉइंग सकाळी कापून हवं असतं, आणि वाटतं, नाही.

म्हणून महिन्यांचा आकडा माझ्याकडे मागू नका. भेटायला याल तेव्हा मागच्या तीन महिन्यांची ड्रॉइंग घेऊन या. टन नको, प्रत्येक जॉबची जाडी, कडेची लांबी, भोकांची संख्या, बेंड किती आणि शेवटी वर काय लागतं, प्रायमर की पावडर, एवढं लिहून आणा. त्या तीन पट्ट्या अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ऑक्सिजनवाल्या पट्टीची दुसरी कड शाबूत आहे. ती तुम्ही स्वतः नखाने काढून बघा.