तुम्ही विचारलेत म्हणून

"मॅडम, मग तुमच्या मुलीवर काही परिणाम झाला का हो?" हा प्रश्न मला वर्षातून निदान दोनदा तरी विचारला जातो आणि विचारणारा प्रत्येक जण तो हळू आवाजातच विचारतो. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, बाळंतपणानंतर मला नैराश्य आले होते हे वर्गात लपवत नाही, आणि त्याच सत्रात हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे, आईपासून तोडलेल्या माकडांवरचे प्रयोगही शिकवते. या तिन्हींची बेरीज कोणीही करील. आजवर मी "नाही, छान आहे ती" एवढे म्हणून फळा पुसत आले. आता एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे यापुढे कोणी विचारले तर हे पुढे करता येईल.

हार्लोने पिल्लांना खऱ्या आईऐवजी दिलेली तारेची आई आणि मऊ कापडाची आई तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे तिथे थांबत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या त्याच प्रयोगशाळेत एकट्याने वाढवलेल्या ऱ्हीसस जातीच्या माकडिणी वयात आल्या, तेव्हा त्यांना नराशी जुळवून घेणेच जमेना, म्हणून त्यांना बांधून ठेवून गाभण करण्यात आले. पिल्ले झाल्यावर काही माद्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, काहींनी त्यांना चावे घेतले, त्यांची तोंडे जमिनीवर घासली, काही पिल्ले त्यात दगावली. पिल्ले मात्र ढकलून दिले तरी पुन्हा पुन्हा त्याच अंगाला येऊन बिलगत राहिली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, 2001 साली, मी हा भाग "आईविना आया" असा मथळा देऊन शिकवला आणि मुलींच्या चेहऱ्यांवरची शिसारी पाहून आजचा तास रंगला, असे समाधानही मानले. त्या माद्यांना बांधले होते, हे वाक्य मी तेव्हा गाळले होते. तास पंचेचाळीस मिनिटांचाच असतो, अशी सबब मी स्वतःला दिली होती.

माझी मुलगी 2004 च्या जूनमध्ये झाली. सप्टेंबरात मी माहेरून सांगलीला सासरी परत आले, आणि ती दुपार ऑक्टोबरातली. नवरा फिरतीवर होता, सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या, आणि मुलगी बाराच्या सुमारास जी रडू लागली ती थांबेना. तिच्या आवाजाने दूध येऊन माझा ब्लाउज ओला होत होता. म्हणजे शरीर आपले काम चोख करत होते आणि मी त्याच्याकडे, शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहावे तशी पाहत होते. तिचा राग आलेला नव्हता, हे मी डॉक्टरांनाही सांगितले आणि तुम्हालाही सांगते, कारण राग आला होता असे मानणे सर्वांनाच सोपे जाते. मी तिला माजघरात गोधडीवर ठेवले, बाहेर आले, दार ओढून घेतले आणि कडी लावली. कडी का लावली, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. चार महिन्यांचे मूल दार उघडून बाहेर येणार नव्हते.

स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता. तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करायचा, हे मला ठाऊक होते. मी उंबऱ्यावर बसून चौथी मोजली, पाचवी मोजली, सातवीपर्यंत मोजत राहिले. त्यानंतर कुकरमधले पाणी संपले असावे, कारण शिट्टी होईना आणि करपल्याचा वास येऊ लागला. त्या वासाने वरच्या मजल्यावरून थोरल्या जाऊबाई खाली आल्या. रडणे त्यांना रोजच ऐकू येत असे, करपणे मात्र रोजचे नव्हते. वहिनींनी आधी गॅस बंद केला, मग माझ्याकडे पाहिले, मग कडीकडे पाहिले. कडी काढताना त्यांनी तिचा आवाज होऊ दिला नाही, एवढे मला स्पष्ट आठवते. मुलीला उचलून त्या वर गेल्या, तासाभराने ती झोपल्यावर खाली आल्या, कुकर राखेने घासला आणि म्हणाल्या, "वरण मी वर लावलंय, जेवायला ये." त्या दुपारविषयी त्या पुढे कधीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र बारा वाजले की येऊन मुलीला घेऊन जाऊ लागल्या, आणि आपले मूल कोणी पळवते आहे, अशा नजरेने मी त्यांच्याकडे पाहू लागले. दिवाळीनंतर त्यांनीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी बरीचशी माणसात आले.

कामावर रुजू झाल्यावर मी जे वाचले, ते शिकवण्यासाठी वाचले नव्हते. कॉफमन आणि रोझेनब्लम या संशोधकांनी 1960 च्या दशकात दोन जातींच्या माकडांची तुलना प्रसिद्ध केली होती. आईला कळपातून काढून नेले की पिगटेल जातीचे पिल्लू आधी सैरभैर होई, मग अंगाची जुडी करून, मान खाली घालून बसून राही. बॉनेट जातीच्या पिल्लाला मात्र कळपातल्या दुसऱ्या माद्या जवळ घेत. हे बॉनेट म्हणजे कोणी परके नव्हे. महाबळेश्वरला आणि माथेरानला तुमच्या हातातली पिशवी ओढणारे लाल तोंडाचे माकड ते हेच. त्याच्या माद्या एकमेकींना खेटून बसतात. हे वाचताना मला वहिनी आठवल्या आणि त्यांची मी तोवर कधी माफीही मागितलेली नाही, हेही आठवले.

याच रोझेनब्लम यांनी पुढे 1984 मध्ये पॉली यांच्याबरोबर केलेला प्रयोग मी आता दर वर्षी शिकवते. लेकुरवाळ्या बॉनेट माद्यांच्या काही गटांना अन्न सहज मिळे, काहींना ते नेहमीच कष्टाने शोधावे लागे, तर काहींना थोडे दिवस सहज आणि थोडे दिवस कष्टाने, असे आलटून पालटून मिळे. पोट सर्वांचेच भरत होते. तरीही बिघडल्या त्या तिसऱ्या गटातल्या आया, आणि भेदरट झाली ती त्यांचीच पिल्ले. कायमचे कष्ट सोसवले, पण उद्याचा अंदाज नसणे सोसवले नाही. हे वाचून मी सुटल्यासारखी झाले, हे कबूल करते. संशोधकांनी वाईट आई तयार केली नव्हती, पिंजऱ्याचा नियम तेवढा बदलला होता, असे मी वर्गात ठासून सांगू लागले. 2001 ची मी ज्या आवाजात त्या माद्यांवर ठपका ठेवत होते, त्याच आवाजात आता त्यांना निर्दोष ठरवत होते.

मात्र त्याच माकडांची गोष्ट तिथे संपत नाही. अशा आयांकडे वाढलेली पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ताणाची यंत्रणा चालू करणारे सीआरएफ हे रसायन जास्त आढळले, असे कोप्लान आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवून दिले. पिंजऱ्याचा नियम केव्हाच पूर्ववत झाला होता, पण पिल्लांच्या शरीरातली खूण राहिली. तुमचा प्रश्न नेमका इथे येऊन बसतो आणि इथे मला फळा पुसता येत नाही.

मग मी आकड्यांचा आधार शोधते. माएस्त्रिपिएरी यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही ऱ्हीसस पिल्लांची जन्मतःच अदलाबदल केलेली होती. छळणाऱ्या आईकडे, मग ती सख्खी असो वा सावत्र, वाढलेल्या 16 माद्यांपैकी 9 जणी पुढे स्वतःच्या पिल्लांना छळू लागल्या, आणि न छळणाऱ्या आयांकडे वाढलेल्यांपैकी एकही नाही. चांगला दिवस असला की मला उरलेल्या 7 दिसतात. हार्लोच्या त्या माद्यांपैकीही बऱ्याच जणींनी पुढच्या खेपेला पिल्लाला नीट सांभाळले होते, हेही मी आवर्जून शिकवते. दुसरी खेप मी स्वतःवर येऊ दिली नाही, हे मात्र वर्गात सांगत नाही. आणि मी काही तिला छळले नव्हते, एका दुपारी कडी लावली होती, असे इथे लिहावेसे वाटते. लिहिल्यावर दिसते की दुपार एकच होती की नाही, याचा हिशेब माझ्या बाजूने मी एकटीच ठेवलेला आहे.

मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा मी तिला सगळे सांगितले. "मला काय आठवणार त्यातलं," असे म्हणून तिने विषय संपवला. आता ती पुण्याला वसतिगृहात असते. खोलीचे दार पूर्ण लावलेले असले की तिला झोप येत नाही. खोलीतल्या मैत्रिणी कुरकुरतात, म्हणून ती दारात चप्पल अडकवून चार बोटांची फट ठेवते. हे मला कळले त्या रात्री मी सांगलीला वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या घरात दार लावून झोपतं तरी कोण?"