स्मरणवही कुठवर आली: वल्ह्याची पाती, कॉक्स काकू आणि मामांचं पान

मंडळी, आपल्या रोइंग (वल्हेबोटींच्या) क्लबच्या जुन्या मेंबरांच्या स्मरणवहीचं काम यंदाच्या पावसाळ्यात चांगलंच पुढे सरकलं. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की बोटी रॅकवर चढतात, मग संध्याकाळी हातात वेळच वेळ असतो. तो सगळा फोटो, फोन आणि लोकांच्या घरचा चहा यात गेला.

नव्याने जोडले गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्यातून गेलेल्या प्रत्येक मेंबराला वहीत एक पान आहे. त्यावर तो माणूस पाण्यावर काय करायचा ते लिहायचं. कुठल्या सीटवर बसायचा, जोडीला कोण असायचं, नव्या पोरांना कुठली एक गोष्ट हमखास शिकवायचा. शोकसभेत ‘मनमिळाऊ, हसतमुख’ सगळ्यांनाच म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण तेवढ्यावरून माणूस डोळ्यापुढे उभा राहत नाही. ‘कॅच घेताना (वल्हं पाण्यात घालताना) डावा खांदा किंचित वर जायचा’ एवढं वाचलं की त्यांच्याबरोबर बसलेल्या कुणालाही ते लगेच दिसतात.

सगळ्यात मोठं भगदाड 1961 च्या आधीचं आहे. 12 जुलैला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांतले ट्रंकांसकट अल्बम वाहून गेले. त्या काळातले मेंबर बरेचसे शनिवार-नारायणातलेच. म्हणून आता आम्ही प्रश्न बदललाय. ‘जुने फोटो आहेत का?’ असं न विचारता ‘तेव्हा बाहेरगावी फोटो कुणाला पाठवले होते?’ असं विचारतो. साताऱ्याच्या आत्याकडे, सांगलीला दिलेल्या बहिणीच्या सासरी पाठवलेले फोटो शाबूत निघाले. काही तर पोस्टकार्डावरच छापलेले, त्यामुळे मागच्या शिक्क्यावरून सालही मिळालं.

शिक्का नसेल तर वल्ह्याचं पातं बघा. 1959 मध्ये फ्रान्समधल्या माकॉनच्या युरोपियन स्पर्धेत रुंद, दोन्ही बाजूंनी सारखं पातं गाजलं. पुढे ते त्या गावाच्या नावानेच ओळखलं जाऊ लागलं. कुऱ्हाडीसारखं एका बाजूला उतरलेलं हॅचेट पातं 1991 नंतरचं. म्हणजे फोटोत हॅचेट दिसलं की तो त्याआधीचा असणं शक्यच नाही. उलट बाजूने मात्र खात्री धरू नका. आपल्याकडे लाकडी वल्ही जपून वापरतात, त्यामुळे अरुंद पात्याचा फोटो बऱ्याच नंतरचाही असू शकतो. दुसरी तपासणी शर्टाच्या गुंड्यांची. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली असेल तर पुरुषांच्या गुंड्या भलत्या बाजूला दिसतात. हे आधी पाहिलं नाही तर बोटीच्या एका, म्हणजे स्ट्रोक साइडचा माणूस दुसऱ्या, म्हणजे बो साइडला नोंदला जातो, आणि पुढची सगळी नावं चुकत जातात. स्कॅन 600 डीपीआयला करा, फोटोची मागची बाजूसुद्धा.

आता काकूंबद्दल. कॉक्स म्हणजे वल्हं न मारता बोटीची दिशा सांभाळणारा आणि वल्हेकऱ्यांना हाका देणारा. कॉक्स म्हणून काकूंनी कितीतरी क्रू घडवले. वय झालंय, कानाला थोडं कमी ऐकू येतं, पण आवाज अजून पार पैलतीरावर पोहोचेल असा. त्यांच्यापुढे एका फोरचा, म्हणजे चार वल्हेकऱ्यांच्या बोटीचा फोटो ठेवला, चेहरे पुसट झालेले. (कॉक्सच्या अगदी समोर बसतो तो स्ट्रोक, पार पुढच्या टोकाला तो बो.) काकूंनी चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, “अरे, कॉक्सला समोर एकट्या स्ट्रोकचं तोंड दिसतं. बाकीच्यांना मी वल्ह्यावरून ओळखायचे.” मग बोट ठेवत गेल्या: हा तीन नंबर, मनगट आधीच मोडायचा, हा दोन नंबर, पातं खोल घालायचा, त्याला रोज ओरडायचे, बो म्हणजे आमचे बापट्या म्हणायचो ते, रागावले तरी ताल सोडायचे नाहीत. त्या फोरमधले तिघे आता नाहीत. तिघांची पानं त्या दुपारीच भरली. फोनवर काकूंचा आवाजही रेकॉर्ड करून ठेवलाय.

यंदा मी आग्रहाने वहीत घातलेलं पान आहे बोटहाउसच्या मामांचं. काहींचं म्हणणं पडलं की ते मेंबर नव्हते, पगारी होते. माझं मत सरळ आहे: कुठल्याही मेंबरापेक्षा मामा क्लबात जास्त राहिले, आणि त्यांचा हात ज्या बोटीला लागला नाही अशी एकही लाकडी बोट आपल्याकडे नव्हती. गळती शोधायची त्यांची रीत पानावर सविस्तर लिहिलीय. बोट घोडीवर ठेवायची, आत बादलीभर पाणी ओतायचं आणि खाली उकिडवं बसून थांबायचं. जिथे पहिला थेंब लोंबेल तिथे खडूची खूण. लगेच लांबी भरायची नाही. फळ्या पाणी पिऊन फुगतात, बऱ्याच फटी आपोआप मिटतात. रात्रभर तसंच ठेवून सकाळी ज्या खुणेखाली ओल दिसेल तेवढीच खरी गळती. मामांच्या मुलाने त्यांची तांब्याचे रिवेट ठोकायची हातोडी आणून दाखवली. दांडा अंगठ्याच्या जागी खोलगट झालाय. तिचा फोटो त्यांच्या पानावर लावला.

गेल्या वर्षी गेलेल्या एका ज्येष्ठ काकांची वही त्यांच्या सुनेने दिली, तीही इथे नोंदवतो. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर काका बोटीत बसू शकत नव्हते, पण घड्याळ सुटलं नाही. प्रत्येक शर्यतीला चार रकाने, पाचशे पाचशे मीटरचे, आणि शेजारी मिनिटाला किती स्ट्रोक. रिओ ऑलिंपिकचं पान सगळ्यात भरगच्च आहे. 2016 मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातला, चांदवडकडचा दत्तू भोकनळ सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीच्या शर्यतीत, सी फायनल (13 ते 18 क्रमांकांसाठीची शर्यत) जिंकून एकूण 13वा आला. काकांनी त्याच्या नावाखाली दोनदा रेघ ओढलीय आणि लिहिलंय, ‘शेवटच्या पाचशेत पोरगं ढिलं पडत नाही.’ फौजेत गेल्यावर वल्हं हातात धरलेला मुलगा तिथवर पोहोचला, याचं काकांना फार अप्रूप होतं. वही क्लबातच ठेवायची असं सुनेनेच सांगितलं.

पुढचं काम असं. जलपर्णी काढून झाली की ऑक्टोबरात बोटी पाण्यात उतरतील, तेव्हा वेळ कमी पडेल. त्याआधी पंटवाल्यांची, म्हणजे उभं राहून बांबूने रेटायच्या सपाट बुडाच्या होड्यांवरच्या मेंबरांची पानं पूर्ण करायची आहेत. पंट फॉर्मेशनच्या (पंटांच्या रचनांच्या) फोटोंत माणसं ओळखणं अवघड जातंय, कारण सगळ्यांचे कपडे सारखे आणि फोटो पुलावरून काढलेले. पाठीमागून, उभ्या ठेवणीवरून कुणाला ओळखता येत असेल तर रविवारी सकाळी बोटहाउसवर या. मोठे प्रिंट टेबलावर मांडून ठेवतो. घरच्या ज्येष्ठांनाही बरोबर आणा. आता जिना चढावा लागत नाही, खालच्या खोलीतच बसायची सोय केलीय.