मेरुमणी कधी आला?

आषाढ वद्य एकादशी, रात्री

आजची कामिका. पंधरा दिवसांपूर्वीच्या आषाढीला घरोघरी उपास होता, आजच्या तिथीची फारशी कुणाला आठवण नाही. वर्षात चोवीस एकादश्या, अधिक मास आला की सव्वीस. श्रद्धेचा कस लागतो तो या बिनगाजावाजाच्या बावीस-चोवीसांत.

विधी पाहिला तर दशमीला एकभुक्त (एकदाच जेवण), एकादशीला निराहार किंवा फलाहार, द्वादशीला पारणं. प्रत्यक्षात दशमीच्या रात्री साबुदाणा भिजत पडतो आणि तिथूनच मन खिचडीत गुंततं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत. (साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, सगळं मूळचं अमेरिकेतलं. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या वारकऱ्याला आपलं उपासाचं ताट ओळखूही आलं नसतं.) स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आल्या की पळवाट आणखी सोपी. अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयाआधी चार घटिका (सुमारे दीड तास), दशमी शिल्लक असेल तर वैष्णव, म्हणजे भागवत, दुसरा दिवस धरतात. नियम स्पष्ट आहे. पण ऑफिसात पार्टी असेल त्या दिवशी माणूस स्मार्त होतो की भागवत, हे स्वतःशी तपासून पाहावं.

जपाचं कोडं याहून अवघड. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्याने ओढायचा, तर्जनी लांब. १०८ मणी झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. 'रामकृष्णहरि' नीट उच्चारलं तर एका माळेला अडीच-तीन मिनिटं लागतात. दोन मिनिटांच्या आत माळ संपत असेल तर अक्षरं गिळली जाताहेत, 'राकृष्णरी' असं काहीतरी चाललंय. हे निदान सोपं. खरी पंचाईत मेरुमणी बोटाला लागतो आणि तो कधी आला हे कळत नाही तेव्हा. ही तल्लीनता की झोपेतली बडबड? दोन्ही आतून सारखीच वाटतात. एक खूण उपयोगी पडते: तिथेच थांबून मागचा विचार हुडकायचा. विजेचं बिल, कुणाचं लागलेलं बोलणं, उद्याची भाजी असा धागा हाती लागला तर तल्लीनता नव्हती. बहुतेक वेळा धागा लागतोच.

मानस जप श्रेष्ठ म्हणून लोक थेट मनातच सुरुवात करतात आणि दहाव्या मण्यापाशी हरवतात. पहिली माळ वाचिक, स्वतःच्या कानांना ऐकू येईल अशी. दुसरी उपांशु, नुसते ओठ हलतील इतपत. मग मानस. जेवणावर लगेच बसू नये, पेंग येतेच.

मोजावं की नाही? हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात 'पुण्याची गणना कोण करी' असं विचारलंय. तरी मोजणं सोडून 'आमचं नाम मनात अखंड चालू असतं' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. संख्या बैठक घडवते, तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. अकरा माळांचा आकडा दुसऱ्याला सांगावासा वाटला, की त्या दिवशी जप कुणासाठी झाला ते उघड आहे.

सगळ्यात खोल प्रश्न पूजा चुकलेल्या दिवसाचा. तेव्हा काय वाटतं? काहीतरी वाईट होईल अशी धास्ती, चहा चुकल्यासारखी चुटपुट, की कुणाची तरी भेट राहून गेल्याची हुरहुर? तिन्हींची मिसळ असते, पण एक वरचढ असतं. आरतीत निरांजन विझलं तर पहिला विचार अपशकुनाचा येतो की वात ओली राहिल्याचा? कारण बहुधा साधंच: निरांजन धुऊन न पुसताच वात ठेवली, ती तडतडून विझते, किंवा थंडीत तूप थिजलं. कारण ठाऊक असूनही छातीत धस्स होत असेल, तर श्रद्धेच्या नावाखाली भीतीच बसली आहे.

एक प्रयोग करण्याजोगा वाटतो. आठ दिवस षोडशोपचार, म्हणजे सोळा उपचारांची पूजा, बाजूला ठेवून गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढीच पंचोपचार पूजा करायची. शास्त्राला ती चालते, त्यामुळे चुकल्याची सबब उरत नाही. मग वाचलेल्या वेळात मन काय करतं ते रोज दोन ओळींत इथेच टिपायचं. सुटल्यासारखं वाटलं तरी तसंच लिहायचं.